लिंबाचा फुलोरा आणि माझे नाक

ज्या कोणास होळी सरताच डोळ्यांना खाज सुटते, नाक वाहू लागते, एकामागून एक शिंका येऊन जीव बेजार होतो, आणि ज्यास वैद्यापासून व्याह्यापर्यंत सर्व जण "सर्दी आहे, जाईल" असे सांगून वाटेला लावतात, त्या सर्वांस विदित व्हावे म्हणून मी हे लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. वाशीमच्या कचेरीसमोर एकोणीस वर्षे अर्ज लिहिणारा सनदी अर्जनवीस आहे. मराठी सहा यत्ता माझ्या पुऱ्या झाल्या. सातवीच्या परीक्षेस बसण्याच्या सुमारास वडील वारले आणि तो विषय तेथेच राहिला. तथापि ज्यांनी सातवी केली तेही आज माझ्याकडून अर्ज लिहवून घेतात, हे नम्रपणे नमूद करतो. दुसऱ्याचे दुःख मुद्देसूद मांडणे हा माझा धंदा आहे. सबब स्वतःचेही मांडता येईल अशी माझी खात्री आहे.

माझी जागा

कचेरीच्या पायऱ्यांपासून वीस पावलांवर एक जुना कडुलिंब आहे. आमच्याकडे त्याला नुसते लिंब म्हणतात. त्याच्या सावलीत माझी बैठक असे. खाली सतरंजी, पुढे उतरते मेज, मेजावर दौत, टाक आणि टिपकागद. पायऱ्या उतरणाऱ्या प्रत्येक माणसाची पहिली नजर माझ्यावर पडे. आवारात अर्जनवीस आम्ही दोघेच. दुसरे बळीरामजी, ते भिंतीकडेला उन्हात छत्री उघडून बसत.

लिंबाखालची जागा कोणाच्या नावे लिहिलेली नाही. तिचा नियम एकच, आणि तो कागदावर नसला तरी कागदाहून पक्का आहे. कचेरी उघडताना ज्याची सतरंजी तेथे पडलेली असेल त्याची जागा. कामकाजाचा सबंध एक दिवस सतरंजी पडली नाही, तर दुसऱ्याने तेथे बसावे, आणि मग त्याला कोणी उठवू नये. इतक्या वर्षांत माझी सतरंजी एकदाही चुकली नव्हती. मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा माझा मेहुणा विठोबा जाऊन ती अंथरून आला होता.

पहिली शिंक

रोगाची सुरुवात एका चैत्रात झाली. जऊळक्याचा किसन नावाचा शेतकरी सकाळच्या गाडीने आला होता. शेतात जाण्याच्या वहिवाटीच्या वाटेवर शेजाऱ्याने काटे टाकले, असा त्याचा अर्ज होता. मी टाक शाईत बुडवला, 'मेहेरबान' एवढा शब्द लिहिला आणि शिंकलो.

किसनने कागदावर हात ठेवला. "थांबा मुन्शीजी. शिंक झाली."

"शिंक माझी आहे. अर्ज तुझा आहे."

"अर्ज माहा हाये म्हणूनच सांगून राह्यलो. कामाच्या तोंडाशी शिंक! पाणी प्या, घटकाभर बसा, मंग लिहा."

मी पाणी प्यालो. घटकाभर बसलो. टाक उचलला आणि पुन्हा शिंकलो.

किसनचा चेहरा खुलला. "दोन झाल्या. जोडी जमली, आता हरकत नाई. लिहा."

मी लिहू लागलो, तोच तिसरी आली.

"का बाप्पा!" तो उठूनच उभा राहिला. "मुन्शीजी, तुमी माहा अर्ज लिहून राह्यले का त्याचं तेरावं घालून राह्यले?"

कागद उचलून तो बळीरामजींच्या छत्रीखाली गेला. माझ्या मेजावरून उठून दुसऱ्याकडे गेलेला तो पहिला पक्षकार. सुताराचा हात कापला तर लोक हळहळतात. अर्जनवीसाला शिंक आली तर लोक चप्पल शोधतात.

एक गैरसमज, जो मी दूर केला नाही

नाकाआधी डोळे वाहू लागत. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरील सोनाबाई नावाची बाई बाजाराला बैल घेऊन आली होती. तो सुटून कोणाच्या पिकात शिरला आणि कोंडवाड्यात अडकला. ती हकीकत सांगू लागली आणि माझ्या दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या.

ती बोलता बोलता थांबली. "मुन्शीदादा, बैल माहा कोंडला. तुमी काहून रडून राह्यले?"

मी हाताने खूण केली की, तुमचे चालू द्या. तिने आपल्या आरशांच्या ओढणीचे टोक माझ्यापुढे धरले. "पुसा दादा. सुटते बैल. जीवाले लावून घेऊ नका."

पुढे महिनाभर त्या बाजूचे लोक मला शोधत येत. "लोकांचं दुःख आयकून रडते तो मुन्शी कोनता?" असे विचारीत. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही, हे येथे प्रांजळपणे कबूल करतो. आजारपणात मनुष्याने मिळेल ती दया घ्यावी. तिचे कारण तपासू नये.

औषध

आमच्या मुलखात कडुलिंबाविरुद्ध कोणी साक्ष देत नाही. खरूज असो, ताप असो, देवी असोत, लिंबाचा पाला पहिला. पाडव्याला आम्ही लिंबाचा फुलोरा गुळाबरोबर खातो, तो एक दिवस. मी महिनाभर खाल्ला. माझ्या पत्नीने, यशोदेने, अंघोळीच्या पाण्यात पाला उकळला. खिडकीला डहाळ्या बांधल्या. कोणीतरी सांगितले म्हणून वाळवलेला फुलोरा भरून माझ्यासाठी नवी उशी शिवली. मी स्वतः सतरंजी सरकवून बुंध्याला पाठ टेकेल अशी घेतली, हेतू हा की झाडाची हवा थेट अंगास लागावी.

रोग वाढला तसे मी औषध वाढवले. औषध वाढले तसा रोग वाढला. दुसऱ्यांच्या अर्जातील परस्परविरोध मी एका नजरेत पकडतो. पण ही दोन वाक्ये एकाच मुद्द्याची आहेत हे मला तीन वर्षे दिसले नाही. वैशाख सरता सरता फुलोरा झडे, शिंका थांबत, आणि मी घरात सांगे, "पाहिलेस? लिंबाने गुण दिला."

घरातील हाल

तिसऱ्या वर्षी घरातल्या माणसांनी माझी धास्ती घेतली. विठोबा रिसोडला आपल्या घरी परत निघाला होता. बैल जुंपले, नारळ ठेवला, यशोदेने भावाच्या हातावर दही घातले आणि मी ओट्यावर शिंकलो. विठोबाने निमूटपणे बैल सोडले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी यशोदा म्हणाली, "तुमी जरा मारुतीच्या देवळात जाऊन बसा. माह्या भावाले जाऊ द्या घरी. त्याची बायको वाट पाहून राह्यली असंन." मी देवळात जाऊन बसलो, तेव्हा कोठे गाडी निघाली. ज्याच्या शब्दावर गावचे लोक सही करतात त्याला स्वतःच्या घरातून शुभकार्यासाठी बाहेर काढावे लागते, हे दुःख नाकाच्या दुःखाहून मोठे आहे.

आणि भीती. ती मी कोणास सांगितली नाही. आमच्या आळीत एक जण असाच खोकत, शिंकत, वाळत गेला होता. माझेही जेवण तुटले होते, झोप मोडली होती. एके दुपारी घरी कोणी नाही असे पाहून मी माझ्या मृत्युपत्राचा कच्चा खर्डा केला. खर्डा उत्तम उतरला होता. यशोदेला वाचता येत नाही. पण इतकी वर्षे माझे कागद उचलून ठेवल्याने कोणता कागद कशाचा, हे तिला माझ्या तोंडाकडे पाहून कळते. तिने तो सरळ चुलीत घातला.

"मेल्यावर काय करायचं ते मी पाहीन," ती म्हणाली. "तुमी पह्यले नाक पुसा, अन् सरकारी दवाखान्यात जा."

मी गेलो नाही. जाण्याचे कारण दुसऱ्या दिवशी कचेरीतून आले.

सनदेचा प्रश्न

तहसीलदारसाहेबांनी मला आत बोलावले. त्यांच्यापुढे माझ्या हातचा एक अर्ज होता. अर्जदाराच्या नावावर माझ्या नाकाचा थेंब पडून शाई पसरली होती. नाव गणपत की गजानन, हे देवासही सांगता आले नसते.

"हा ह्या महिन्यातला तिसरा," साहेब म्हणाले. ते कधी आवाज चढवीत नसत. त्यामुळेच भीती वाटे. "मुन्शी, तुमचे अक्षर ह्या कचेरीत सर्वांत चांगले आहे. पण वाचता न येणारे चांगले अक्षर मला काय कामाचे? आठ दिवसांनी सनदा पुढच्या वर्षासाठी मंजूर करायच्या आहेत. त्या दिवशी माझ्यासमोर बसून एक अर्ज लिहून दाखवा. कागद कोरडा राहिला तर सनद मिळेल. नाही राहिला तर मी देऊ शकणार नाही."

साहेबांचे काही चुकले होते असे मला तेव्हाही वाटले नाही. मी पायऱ्या उतरलो. समोर लिंब पांढराशुभ्र फुललेला होता. वाऱ्याची झुळूक आली आणि मी पाच वेळा शिंकलो. बळीरामजी छत्रीखालून पाहत होते. त्यांनी नजर खाली घातली. ह्याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे.

निदान

दवाखान्यात सकाळी आठला रांग लागते. बाटली आपली आपण न्यावी लागते, बूचही. कंपाउंडर नावे पुकारतो ती अशी की, निरोगी माणसासही धडकी भरावी. डॉक्टरसाहेब तरुण होते. नाव, वय, धंदा सांगून मी माझी तक्रार कलमवार मांडू लागलो. सातव्या कलमास त्यांनी हात वर केला.

"तुम्ही दिवसभर बसता कुठे?"

"कचेरीसमोर. लिंबाखाली."

"फुलला आहे का लिंब?"

"पांढराशुभ्र."

"मग तेच."

"काय तेच?"

"त्या फुलांतली धूळ. ती डोळ्यांना दिसत नाही, वाऱ्याबरोबर नाकात जाते. पुष्कळांना काही होत नाही. काहींच्या नाकाला ती सोसत नाही. विलायतेत गवताच्या फुलोऱ्याने होते, म्हणून तिकडे 'हे फीवर' म्हणतात. गवताचा ताप."

"साहेब, मला ताप नाही, आणि गवताशी माझा कसलाही संबंध नाही."

"ताप नावात आहे, रोगात नाही. पाचव्या कलमात तुम्ही एका उशीचे सांगितलेत. ती आजच्या आज रिकामी करा."

"कडुलिंब हे औषध आहे, साहेब."

"असेल. खरजेला जरूर लावा."

मग मी आवाज उतरवून तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी मी खरे तर इतके दिवस आलो नव्हतो. "क्षय तर नाही ना?"

त्यांनी माझ्या छातीला नळी लावली. पुढून ऐकले, पाठीमागून ऐकले, पुन्हा पुढून ऐकले. तेवढ्या वेळात मी माझी सर्व पापे आठवून पाहिली. ती अपेक्षेहून थोडी निघाली. डॉक्टरसाहेबांनी नळी काढली.

"छाती पैलवानाची आहे. नाक तेवढे राजघराण्यातले आहे, त्याला धूळ चालत नाही."

हे वाक्य मी घरी दोनदा सांगितले. यशोदेने पहिल्यांदा पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "राजाचं नाक घरी नेऊन ठेवा, अन् उशी इकडे आणा." तिने उशी उसवून उकिरड्यावर रिकामी केली. त्या रात्री मी सहा महिन्यांच्या मुलासारखा झोपलो.

बाकावरचा शहाणपणा

डॉक्टरसाहेबांनी नाकात सोडायचे थेंब दिले आणि आठवडाभर रोज सकाळी येण्यास सांगितले. थेंब सोडताना बाकावर उताणे निजून मान खाली लोंबकळत सोडावी लागे. त्या अवस्थेत माझे दोन पक्षकार मला रामराम करून गेले. मी उलट्या मानेने रामराम घेतला. मोठेपणा आडवा होतो तेव्हा फार लहान दिसतो. पण थेंबांनी श्वास मोकळा होई, आणि मोकळ्या श्वासापुढे मोठेपणाची मातब्बरी नाही.

बाकावर माझ्याशेजारी रहीमचाचा असत. ते गावचे जुने पिंजारी. पायाची जखम बांधवून घेण्यास येत. त्यांनी माझी सर्व हकीकत ऐकून घेतली.

"मुन्शीजी, तीस साल मी कापूस पिंजला," ते म्हणाले. "गर्द्याशी भांडून जमत नाई. मलमलचं फडकं ओलं करा, पिळा, दोन घड्या करून नाकावर बांधा. अन् वारा जिकडून येते तिकडे बसा. गर्दा खाली जाते, आपन वर राहतो. एवढाच इलम हाये."

"बसू कोठे? सावली एकच आहे."

"माह्या ओसरीवर बसा. आवाराच्या मावळतीले हाये, चैतातला वारा पह्यले माह्याकडे येते, मंग लिंबाकडे जाते. थंडी सरली, पिंजायची धनुकली खुंटीले लटकवली. नाई कापूस, नाई गर्दा. फकत एक बकरी हाये. ते कागद खाते, तेवढं पाहा."

मी म्हणालो, "चाचा, सतरंजी एक दिवस चुकली की जागा गेली. आणि तुमची ओसरी पायऱ्यांवरून दिसत नाही. लिंबाखालचा मुन्शी म्हणून लोक मला ओळखतात."

चाचा पायाची पट्टी चाचपीत राहिले. "ओळखतात तं खरं," ते म्हणाले. "पन लिंबाले कधी कोनी अर्ज लिहून मागतला का?"

पुरावा

ऐकीव गोष्टीवर मी निकाल देत नाही. रविवारी, कचेरी बंद असताना, मी यशोदेला साक्षीला घेऊन गेलो. प्रथम चाचांच्या ओसरीवर तासभर बसलो, नाकाला काही न बांधता. मग लिंबाखाली गेलो. यशोदा प्रत्येक शिंकेला एक खडा बाजूला ठेवीत होती. चिलीम भरून होण्याइतका वेळही झाला नसेल.

"ओसरीवर एकबी नाई. लिंबाखाली नऊ," ती म्हणाली. "आता अजून कोनता साक्षीदार पाह्यजे तुमाले?"

मी उठलो. बुंध्यावर हात ठेवून उभा राहिलो. झाडाचा त्यात दोष नव्हता. ते दरवर्षीप्रमाणे फुलले होते. माझ्या सनदेची शाई ओली असताना मी येथे प्रथम बसलो, तेव्हा ह्या सावलीने मला मुन्शी केले, असे मी आजवर मानीत आलो होतो. आता सावली ठेवली तर सनद जाणार होती, आणि सनद ठेवली तर सावली. यशोदेने खडे ओटीत भरले.

"चला," ती म्हणाली. "बसूनच शिंका द्यायच्या असन तं घरी द्या. घरी सावली बी हाये अन् चाय बी हाये."

करार

सोमवारी सकाळी मी सतरंजी काखेत घेऊन लिंबाखाली न जाता भिंतीकडे गेलो. बळीरामजी भांडणाच्या तयारीने उठले.

"मुन्शीजी, साहेबाकडे मी चुगली केली नाई. पोराची आन."

"ठाऊक आहे. मी भांडायला आलो नाही. करार करायला आलो आहे."

मी त्यांना पुढीलप्रमाणे समजावले. मी माझी सतरंजी कोणाकरवी तरी रोज अंथरली, तर ही जागा जन्मभर रिकामी होणार नाही, आणि ते जन्मभर उन्हात बसतील. उलट चैत्र-वैशाखाच्या उन्हात, जेव्हा सावलीची किंमत सोन्याहून जास्त, तेव्हा जागा त्यांची. फुलोरा सरला की माझी. सतरंजी चुकल्याचा नियम दोघांनी एकमेकांविरुद्ध लावू नये.

बळीरामजींनी छत्री मिटली. त्यांच्या टकलावर उन्हाचा डाग कायमचा पडलेला आहे, तो मी प्रथमच जवळून पाहिला.

"फुलोरा लागला कवा, सरला कवा, हे कोन ठरवन?" त्यांनी विचारले.

"माझे नाक."

"का बाप्पा! तुमच्या नाकावर भरोसा कोनी ठेवावा? शिंक तं तपकिरीनं बी येते."

"मग दोन शिंका."

"लागोपाठ."

"लागोपाठ. मान्य. आणि परत येण्यासाठी, लिंबाखाली तासभर न शिंकता बसून दाखवीन."

कागद मीच लिहिला, कारण माझे अक्षर बरे. त्यातील तिसरे कलम असे: 'अर्जनवीस क्रमांक एक ह्यांस झाडाखाली बसले असता लागोपाठ दोन शिंका आल्यास फुलोरा लागला असे समजण्यात येईल. एक शिंक ग्राह्य धरण्यात येणार नाही.' साक्षीदार म्हणून रहीमचाचांनी अंगठा केला. बळीरामजी सही करून उठले, लिंबाखाली जाऊन बसले, आणि डोळे मिटून कितीतरी वेळ नुसते बसून राहिले. मी सावलीत इतकी वर्षे बसलो. पण सावली कशी घ्यावी, हे त्या माणसाकडे पाहून कळले.

साहेबांसमोर

परीक्षेच्या दिवशी थेंब घेतले, ओले मलमल बांधले आणि आत गेलो. अर्ज कोणाचा लिहावा, तर नेमका जऊळक्याच्या किसनचा. त्याच्या शेजाऱ्याने ह्या वर्षी पुन्हा काटे टाकले होते. मला पाहताच तो दाराकडे सरकला.

"साहेब, दुसरे मुन्शी नाई का?"

"बस," साहेब म्हणाले.

मी लिहू लागलो. खिडकी उघडी होती आणि खिडकीत लिंब होता. पहिल्या सहा ओळी निर्विघ्न झाल्या. सातव्या ओळीवर नाकाच्या मुळाशी ती मुंगी चालू लागली, जी ज्याला ठाऊक आहे त्यालाच ठाऊक आहे. पूर्वी अशा वेळी मी ओळ पुरी करण्याची घाई करीत असे, आणि तीच माझी चूक होती. आता मी टाक दौतीत ठेवला. कागद हातभर दूर सारला. मलमलवरून दोन बोटांनी नाकाचे मूळ दाबून धरले आणि तोंडाने श्वास घेत थांबलो. खोलीत कोणी हलत नव्हते. किसनने डोळे मिटले होते. मुंगी चढली, थांबली, उतरली. मी टाक उचलला आणि उरलेल्या पाच ओळी लिहिल्या.

साहेबांनी कागद उजेडाकडे धरून खालपासून वरपर्यंत पाहिला. मग माझ्या सनदेवर सही केली.

पायऱ्यांवर किसनने मला गाठले. "मुन्शीजी, एकबी नाई?"

"एकही नाही."

तो चिंतेत पडला. "ना शकुन, ना अपशकुन. मंग आता कामाचं कसं समजावं मानसानं?"

"निकाल येईपर्यंत वाट पाहावी," मी सांगितले. पुढे त्याची वाट मोकळी झाली. आणि तेव्हापासून तो जऊळक्याच्या लोकांना सांगतो की, शिंकेच्या धाकाने कागद अडत नाही असा मुन्शी वाशीमात एकच आहे.

ज्यांना हा रोग आहे त्यांस

माझा रोग गेलेला नाही. तो दरवर्षी येतो आणि मी त्याला ओळखतो. आपल्याला कोणते झाड सोसत नाही ते शोधा, मग ते कितीही पूज्य असो. वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसा. घरी येताच डोळे थंड पाण्याने धुवा, डोक्यावरून पाणी घ्या, बाहेरचा सदरा बाहेरच उतरवा. कपडे त्या दिवसांत अंगणात वाळवू नका. शिंक आली तर लाजू नका. हातातले काम खाली ठेवा, तोंड वळवा, मग पुन्हा उचला. आणि दवाखान्यात जाण्यास मी लावली तशी तीन वर्षे लावू नका. मला वाटत होते, पक्षकार मला लिंबामुळे शोधतात. पहिल्या आठवड्यात चाचांच्या ओसरीवर चार माणसे आली. तिसऱ्या आठवड्यात बकरीला बाहेर बांधावे लागले, इतकी दाटी झाली.

यंदा फाल्गुनाच्या अखेरीस मी लिंबाखाली बसून एका म्हाताऱ्याचा अर्ज लिहीत होतो. नाकाच्या मुळाशी मुंगी चालली. मी टाक ठेवला, तोंड वळवले आणि शिंकलो. म्हाताऱ्याने कागदावर हात ठेवला. भिंतीकडची छत्री किंचित वर झाली आणि तिच्याखालून बळीरामजींचा चेहरा माझ्याकडे पाहू लागला. मी एक बोट वर केले. ते थांबले. म्हातारा थांबला. मीही थांबलो.

दुसरी आली.

"जोडी जमली," म्हातारा आनंदाने म्हणाला. "आता लिहा."

"आता लिहू," मी म्हणालो, आणि मेज उचलले. "चला, ओसरीवर." भिंतीकडे बळीरामजींची छत्री मिटली होती.